तिसरा खड्डा

शुक्रवारी बाजारात, कुकरच्या जुन्या शिट्ट्यांशेजारी
मिळाला तो हातातला गेम, दीडशे रुपयांत,
पाठीचं झाकण नसलेला.
सेल पडू नयेत म्हणून आईनं
परकराच्या नाडीनं बांधून दिला.

विकणारा म्हणाला, बधुं चाले छे बेन, बस सेव नथी थतुं.
आईला वाटलं, सेव-उसळीचं काहीतरी सांगतोय.
आम्हाला रात्री कळलं:
बंद केला की सगळं पुसलं जातं.
उद्या पुन्हा अंडं,
अंड्याला तडा,
तड्यातून तो.

अक्षरं जपानी. खरं नाव कोण वाचणार?
पंख बोटभर, नाकातून नुसता धूर.
ज्वाळा म्हणे पुढे कुठेतरी मिळते.
हेरंब म्हणाला, विश्वामित्रीतली मगर
चुकून उडायला निघाली तर अशीच दिसेल.
झालं. मगरू.

पहिला खड्डा झोपेतही ओलांडावा असा.
दुसऱ्याच्या काठावर बेडूक, तो थुंकला की उडी.
तिसरा रुंद.
तिथे पंख उघडून तरंगायचं असतं,
पण लगेच नाही.
आधी पडायला लागायचं,
पोटात गोळा आला की मग बटण.

हेरंबला ते जमायचं नाही.
काठावरच पंख उघडायचा, घाईनं,
आणि समोरच्या दगडाला नाक घासत मगरू खाली.
तीन जीव, तिन्ही तिथेच.
शेवटच्या जिवाला तो न बघताच हात लांब करायचा.
मी धाकटी. दे इकडे, असंही म्हणायचे नाही.
पलीकडे नेलं की पुन्हा त्याच्या हातात.
आभार वगैरे आमच्या घरात कोणी मानत नसे.

सेल उन्हात ठेवले की आणखी एक डोंगर चढता यायचा,
दातांनी चावले की अर्धा.
सातव्यापाशी लाल दिवा फिका पडायचा,
मगरूचा आवाज ताप आल्यासारखा,
मग काळी काच
आणि तिच्यात आमची दोन तोंडं.
ज्वाळा कशी दिसते
आम्ही कधीच पाहिलं नाही.

आता हेरंब मगरी पकडतो.
पैसे नाहीत त्याचे. दिवसा लेथवर असतो, मकरपुऱ्यात
(नावावरून मित्र हसून झाले),
आणि रात्री फोन:
कारेलीबागेत कुणाच्या मोटारीखाली,
वडसरला देवळाच्या पायरीवर,
फतेगंजात एका लग्नाच्या मांडवामागे,
जिथे आचाऱ्यानं तिला आधी लाकूड समजून पाय दिला.
दोरीचा फास, डोळ्यांवर ओलं पोतं,
मग पाठीवर बसायचं.
लगेच नाही, तो सांगतो.
तिला पुढे येऊ द्यायचं,
पोटात गोळा आला की मग.
हे कुठे शिकलास, मी विचारलं नाही.
डाव्या कोपराखाली सात टाके आहेत त्याच्या.
ते कुठल्या घाईचे, तेही नाही.

परवा फटाक्यांच्या जुन्या खोक्यात गेम सापडला.
नाडी कुजलेली. सेल नवे घातले,
आणि अंडं हललं.

रात्री दोनला तो आला, चिखल आणि डेटॉलचा वास घेऊन.
साडेनऊ फुटी होती, म्हणाला. गुणी होती.
ओट्यापाशी उभ्यानंच खेळायला लागला.
पहिला खड्डा. बेडूक थुंकला.
तिसऱ्याच्या काठावर
पंख उघडले त्यानं,
लगेच.
दगड. नाक. खाली.
पुन्हा तेच.

मग माझ्याकडे न बघता
टाके पडलेला हात लांब झाला.

चहा उतू जात होता.
मी गॅस बारीक केला,
हात पुसले.